ट्रकची हवा : ब्रेकची किती, भोंग्याची किती?

महामार्गावर मागून अचानक कर्णकर्कश प्रेशर हॉर्न वाजला की दुचाकीस्वाराच्या छातीत धस्स होते आणि हातातील हँडल क्षणभर डळमळते. शहरी वाचकाला हा अनुभव नवा नाही. त्या आवाजाविषयी आपण बरेच बोलतो, तक्रारी करतो. पण तो आवाज काढणारी हवा येते कोठून, याचा विचार सहसा कोणी करत नाही. ट्रकमध्ये ही हवा इंजिनावर चालणारा एक छोटा पंप तयार करतो. हाच पंप त्या ट्रकच्या ब्रेकलाही हवा पुरवतो. भोंगा आणि ब्रेक यांची शिदोरी एकच असल्याने भोंगा बसवण्याचा प्रश्न केवळ गोंगाटाचा राहत नाही. ही हवा तयार कशी होते, तिची वाटणी कशी होते, गॅरेजमध्ये भोंगा जोडताना नेमके काय बिघडते आणि कायदा काय सांगतो, याचा हा आढावा.

इंजिनाच्या जिवावर चालणारा पंप

दाबाच्या हवेने ब्रेक लावण्याची कल्पना मूळची रेल्वेची. अमेरिकेतील जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ मध्ये एअर ब्रेकचे पेटंट मिळवले. पुढे हे तंत्र रस्त्यावरील जड वाहनांत आले. भारतात चेन्नईच्या सुंदरम क्लेटन या कंपनीने १९६२ पासून ब्रिटनमधील क्लेटन ड्यूआंद्रे या कंपनीच्या सहकार्याने ट्रक-बससाठी एअर ब्रेकची सामग्री बनवण्यास सुरुवात केली. मोटारीच्या ब्रेकमध्ये तेल असते. दहा-वीस टनांच्या ट्रकमध्ये ते काम हवेवर सोपवले जाते, कारण हवा वातावरणातून फुकट मिळते, टाकीत साठवता येते आणि थोडी गळती झाली तरी पंप ती भरून काढतो.

हा पंप म्हणजे कॉम्प्रेसर. त्याची रचना इंजिनाच्या धाकट्या भावासारखी असते. एक सिलिंडर, त्यात वरखाली होणारा दट्ट्या आणि डोक्यावर आत-बाहेर हवा सोडणाऱ्या दोन झडपा. इंजिनाच्या गिअरवरून किंवा पट्ट्यावरून तो फिरवला जातो. वंगणासाठी त्याला बहुतेक वेळा इंजिनाचेच तेल मिळते, तर गार राहण्यासाठी इंजिनाचे पाणी किंवा बाहेरची वाहती हवा. इंजिन फिरते तोवर कॉम्प्रेसर फिरतो. इंजिन थांबले की तोही थांबतो.

कॉम्प्रेसर फिरत असला तरी तो सतत हवा भरत नाही. टाकीतील दाब वरच्या मर्यादेला पोहोचला की नियंत्रक झडप त्याचे काम तोडते आणि तो नुसताच फिरत राहतो. दाब खालच्या मर्यादेला आला की पुन्हा भरणे सुरू होते. ही वरची मर्यादा अनेक ट्रकांत साधारण ७ ते ८ बार असते. नव्या वाहनांत ती याहून अधिकही आढळते. एक बार म्हणजे ढोबळमानाने आपल्याभोवतीच्या वातावरणाचा दाब.

दाबलेली हवा तापते आणि तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. कॉम्प्रेसरमधून निसटलेले तेलाचे सूक्ष्म थेंबही तिच्यासोबत येतात. म्हणून ती आधी शुष्ककातून म्हणजे एअर ड्रायरमधून जाते आणि मग टाक्यांत साठते. जुन्या ट्रकांच्या टाक्यांखाली पाणी काढण्याची चावी असते. ती रोज उघडण्याची शिस्त जुने चालक पाळत असत, ती याचसाठी.

चार वाटा, एक झरा

टाकीकडे जाताना हवेची वाटणी होते. आधुनिक ट्रकमध्ये हे काम चार मंडलांची संरक्षक झडप करते. पहिली वाट पुढच्या किंवा मागच्या ब्रेकची, दुसरी उरलेल्या ब्रेकची, तिसरी हँडब्रेक आणि ट्रेलरची, तर चौथी इतर उपकरणांची. क्लचचा बूस्टर, एक्झॉस्ट ब्रेक, काही गाड्यांतील गिअरची यंत्रणा आणि हवेवर तरंगणारी चालकाची आसने अशी मंडळी या चौथ्या वाटेवर असतात. झडपेवर या वाटांना बहुधा २१ ते २४ असे क्रमांक कोरलेले असतात.

या झडपेचे काम एखाद्या जाणत्या कारभाऱ्यासारखे आहे. सर्व मंडले भरलेली असताना हवा मोकळेपणाने वाटली जाते. एखाद्या मंडलात गळती होऊन दाब ठरावीक पातळीखाली घसरला की झडप ती वाट बंद करते आणि उरलेल्या मंडलांची हवा राखते. एक पाइप फुटला तरी गाडी थांबवता यावी, एवढाच तिचा हेतू.

हवा गेल्यावर काय होते, याविषयी एक गैरसमज आहे. चालू ब्रेक हवेच्या दाबाने लागतात. पण आधुनिक ट्रकचा हँडब्रेक दणकट स्प्रिंगच्या जोरावर लागतो आणि हवा त्या स्प्रिंगला मागे रेटून धरते. म्हणून हवा पूर्ण उतरलेला ट्रक जागचा हलत नाही. त्यावरून ‘हवा गेली तरी गाडी आपोआप थांबते’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. दाब हळूहळू उतरत असताना मधला एक टप्पा असा येतो की, चालू ब्रेक दुबळे झालेले असतात आणि स्प्रिंगही पुरती सुटलेली नसते. पुढे ती सुटते तेव्हा चाके अशी काही पकडते की उतारावर किंवा ओल्या रस्त्यावर भरधाव गाडी आडवी होऊ शकते.

उतारावर इंजिन बंद केल्यास

कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो, या साध्या वाक्याचा अर्थ घाटात कळतो. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून इंजिन बंद करण्याची खोड काही चालकांना असते. इंजिन बंद होताच नवी हवा भरणे थांबते. प्रत्येक वेळी पाय दाबला की टाकीतील साठा कमी होतो. इंजिनाची स्वतःची रोध देण्याची शक्तीही गाडीला मिळत नाही. मग सगळा भार लायनरवर पडतो. ते तापतात, त्यांची पकड सुटते, चालक घाबरून पुन्हा पुन्हा ब्रेक दाबतो आणि उरलीसुरली हवाही संपते.

पुण्यात नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ रोजी रात्री कात्रजच्या नव्या बोगद्याकडून उतारावर आलेल्या एका जड वाहनाने अनेक वाहनांना ठोकरले. चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे त्या वेळी प्राथमिक तपासातून पुढे आले. त्या अपघाताशी भोंग्याचा संबंध नव्हता. मात्र उतारावरच्या ट्रकला टाकीतील हवा किती मोलाची असते, हे त्या रात्रीने शहराला दाखवून दिले.

भोंगा वाजतो कसा?

मोटारीच्या साध्या हॉर्नमध्ये विजेच्या चुंबकाने पोलादी पडदा थरथरवला जातो. हवेच्या भोंग्यात पडदा असतो, पण त्याला हलवते ती दाबाची हवा. बंद पेटीत शिरलेली हवा पडद्याला मागे रेटते आणि कर्ण्याच्या तोंडातून निसटते. दाब कमी होताच पडदा पुन्हा तोंडावर बसतो. हे सेकंदाला शेकडो वेळा घडते. पुढचा नरसाळ्याच्या आकाराचा कर्णा त्या थरथरीला आवाजाचे रूप देतो. कर्णा जितका लांब, तितका स्वर खालचा. दोन-तीन वेगवेगळ्या लांबीचे कर्णे एकाच वेळी वाजवले की भारदस्त आवाज निघतो, आणि हवा एकामागून एक कर्ण्यात सोडली की सूर वाजतात. यालाच बाजारात ‘म्युझिकल हॉर्न’ म्हणतात.

आवाजाच्या मोजमापातील एक गोष्ट येथे ध्यानात ठेवली पाहिजे. डेसिबलची पट्टी सरळ नसून गुणाकाराची आहे. दहा डेसिबलने आवाज वाढवायचा तर ध्वनीची शक्ती दसपट लागते आणि मानवी कानाला मात्र तो साधारण दुप्पटच वाटतो. थोडा अधिक मोठा आवाज मिळवण्यासाठी कितीतरी अधिक हवा खर्चावी लागते, ती यामुळे.

गॅरेजमधील जोडणी

ट्रकवर हवा तयारच असल्याने भोंगा बसवणे वरकरणी सोपे असते. हवेची नळी मधेच कापून ‘टी’ लावायची, तिथून एक नळी विजेवर उघडणाऱ्या झडपेपर्यंत न्यायची, झडपेची तार स्टिअरिंगवरील बटणाला जोडायची आणि टपावर किंवा बंपरमागे कर्णे पिळायचे. अर्ध्या-एक तासाचे काम. या घाईत सर्वात सोयीची म्हणून जी नळी कापली जाते, ती पुष्कळदा ब्रेकच्या टाकीची असते, आणि सारी मेख तेथेच आहे.

ब्रेकच्या मंडलावर थेट ‘टी’ मारली की संरक्षक झडपेचा हेतूच मोडीत निघतो. झडप एका मंडलाला दुसऱ्यापासून वाचवते; एकाच मंडलाच्या पोटात बसलेल्या भोंग्यापासून ती त्या मंडलाला वाचवू शकत नाही. भोंग्याची हलक्या प्रतीची नळी सायलेन्सरच्या उष्णतेने फुटली, जोड सैल झाला किंवा झडप कचऱ्यामुळे उघडी राहिली, तर ब्रेकची हवा त्याच वाटेने निघून जाते.

जेथे हवेचा भोंगा वैधपणे बसवला जातो, उदाहरणार्थ अग्निशमन दलाच्या गाडीवर, तेथे योग्य रीत वेगळी असते. हवा चौथ्या मंडलावरूनच घ्यायची. त्यावर एकाच दिशेने हवा सोडणारी आणि ठरावीक दाबाखाली आपोआप बंद होणारी दाबरक्षक झडप बसवायची. तिच्यापुढे भोंग्यासाठी छोटी स्वतंत्र टाकी, तिला पाणी काढण्याची चावी आणि जादा दाब सोडणारी सुरक्षा झडप. विजेची झडप गाडीच्या २४ व्होल्टच्या पुरवठ्याला साजेशी, रिले आणि फ्यूजसह. नळ्या ट्रकच्या हवेसाठी बनवलेल्या, जागोजागी क्लिपांनी बांधलेल्या आणि सायलेन्सरपासून दूर. कर्ण्याचे तोंड किंचित खाली, म्हणजे पावसाचे पाणी आत साचत नाही. कंपनीने दिलेला मूळ हॉर्न काढायचा नाही. शेवटी प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी सोडून बुडबुडा दिसतो का ते पाहायचे.

एवढे करूनही एक अडचण राहतेच. एक्झॉस्ट ब्रेक चौथ्याच मंडलावर असतो. घाट उतरताना ज्याच्या भरवशावर मुख्य ब्रेक गार ठेवायचे, त्याच्याच हवेत भोंगा वाटेकरी होतो. म्हणून स्वतंत्र टाकी आणि दाबरक्षक झडप या दोन गोष्टी चैनीच्या नाहीत.

बारा सेकंदांचा हिशेब

साध्या आकडेमोडीने हा मुद्दा स्पष्ट होतो. समजा, कॉम्प्रेसरच्या सिलिंडरची क्षमता ३०० घनसेंटीमीटर आहे आणि तो इंजिनाच्याच गतीने फिरतो. इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर मंद चालू असेल, तर कागदोपत्री तो मिनिटाला १८० लिटर हवा ओढेल. उष्णता आणि उलट दाबामुळे प्रत्यक्षात टाकीत याहून बरीच कमी पोहोचेल. १५०० फेऱ्यांवर हाच कागदोपत्री आकडा ४५० लिटर होतो. आता भोंग्यांची जोडी सेकंदाला ५ लिटर हवा खाते, असे धरू. म्हणजे मिनिटाला ३०० लिटर. गर्दीत किंवा उतारावर इंजिन मंद असताना भोंग्याची भूक कॉम्प्रेसरच्या कमाईपेक्षा मोठी ठरते आणि फरक टाकीतून भरून निघतो.

टाकी २० लिटरची असेल तर दाब एका बारने उतरणे म्हणजे २० लिटर मोकळी हवा खर्च होणे. भोंगा चार सेकंद वाजला की एक बार गेला. एकूण बारा सेकंद वाजला आणि दरम्यान टाकीत भर पडली नाही, तर दाब ८ वरून ५ बारवर येईल.

ब्रेकच्या भाषेत याचा अर्थ काय? जड वाहनांत वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित ब्रेक चेंबरच्या पडद्याचे क्षेत्रफळ २४ चौरस इंच, म्हणजे सुमारे १५५ चौरस सेंटीमीटर असते. आठ बार दाबाला तो पडदा सुमारे १२६० किलोंचा रेटा देऊ शकतो, पाच बारला सुमारे ७९० किलोंचा. रोजच्या हलक्या ब्रेकला एवढा जोर लागतच नाही, म्हणून चालकाला फरक जाणवत नाही. आणीबाणीच्या क्षणी पूर्ण पाय दाबल्यावरच तो उघड होतो. ज्या क्षणी चालक एका हाताने भोंगा दाबून धरतो, नेमक्या त्याच क्षणी त्याच्या पायाला पूर्ण दाबाची गरज असते.

कॉम्प्रेसरवर होणारा परिणाम संथ पण निश्चित असतो. त्याची बांधणी थोडा वेळ काम आणि पुष्कळ वेळ विश्रांती अशा बेताने केलेली असते. सततच्या भोंग्याने त्याला विश्रांती मिळेनाशी झाली की तो तापतो, अधिक तेल वर फेकतो, बाहेर जाणाऱ्या नळीत काजळी धरते आणि शुष्कक लवकर निकामी होतो. तेलमिश्रित पाणी मग ब्रेकच्या झडपांपर्यंत पोहोचते. ‘गाडी हवा धरत नाही’ या तक्रारीचे मूळ कधी कधी असे टपावरच्या कर्ण्यात असते.

छोट्या गाडीवर मोठा आवाज

छोटे टेम्पो आणि पिकअप यांचे ब्रेक तेलावर चालतात; त्यांच्याकडे हवेचा साठाच नसतो. अशा गाडीवर ट्रकचा भोंगा बसवायचा तर कॉम्प्रेसरही आणावा लागतो. एक पर्याय बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या पंपाचा. तो सावकाश भरतो, पण इंजिनाला हात लावत नाही. दुसरा पर्याय इंजिनाच्या पट्ट्यावर नवा कॉम्प्रेसर चढवण्याचा.

हा दुसरा मार्ग अमेरिकेतील पिकअप ट्रकच्या हौशी मालकांत बराच रुळलेला आहे. मोटारीच्या वातानुकूलन यंत्राचा जुना कॉम्प्रेसर काढून ते त्याच्याकडून हवा भरून घेतात. आडरानात टायर फुगवणे, हवेवर चालणारी हत्यारे वापरणे आणि जोडीला रेल्वेचा भोंगा वाजवणे हे त्यामागचे हेतू. या हौसेत यॉर्क कंपनीच्या जुन्या दट्ट्याच्या कॉम्प्रेसरला मागणी असते, कारण त्याच्या पोटात स्वतःच्या तेलाचा साठा असतो. नंतरच्या अनेक कॉम्प्रेसरांना वंगण मिळते ते शीतक वायूबरोबर फिरणाऱ्या तेलातून. त्यांत नुसती हवा भरली की वंगणाची वेगळी सोय करावी लागते, नाहीतर ते जळून जातात.

हे काम नळी जोडण्याइतके सोपे नाही. कॉम्प्रेसर बसवण्याची चौकट इंजिनाच्या हादऱ्यांना टिकणारी हवी. त्याची कप्पी इतर कप्प्यांच्या अगदी सरळ रेषेत हवी, अन्यथा पट्टा कडेने झिजतो. कप्पीचा व्यास असा हवा की इंजिन पूर्ण वेगात असतानाही कॉम्प्रेसर त्याच्या मर्यादेबाहेर फिरणार नाही. बाहेर येणारी हवा फार तापलेली असल्याने पहिली नळी उष्णता सोसणारी लागते. त्यानंतर उलट हवा रोखणारी झडप, दाब भरताच काम तोडणारा स्विच आणि टाकीवर सुरक्षा झडप. यातील सुरक्षा झडप गाळली तर टाकी बॉम्बसारखी फुटू शकते. शिवाय अनेक इंजिनांत तोच पट्टा पाण्याचा पंप आणि बॅटरी भरणारा ऑल्टरनेटरही फिरवतो. भोंग्यासाठी लादलेल्या भाराने पट्टा तुटला, तर इंजिन तापून गाडी रस्त्यातच उभी राहते.

रेल्वेच्या भोंग्याचे आकर्षण समजण्यासारखे असले तरी त्यामागचे गणित निराळे आहे. अमेरिकेच्या रेल्वे प्रशासनाच्या नियमानुसार इंजिनासमोर १०० फुटांवर, म्हणजे सुमारे ३० मीटरवर, भोंग्याचा आवाज ९६ ते ११० डेसिबल असावा लागतो. धावती आगगाडी थांबायला एक किलोमीटर किंवा त्याहून अधिक अंतर घेऊ शकते आणि तिला बाजूला वळता येत नाही. तिचा इशारा दूरवर पोहोचणे भागच असते. ताशी ६० किलोमीटर वेगाचा, ब्रेक शाबूत असलेला ट्रक कोरड्या रस्त्यावर चालकाच्या प्रतिसादाचा एक सेकंद धरून साधारण ४५ मीटरमध्ये थांबू शकतो. त्याला एक किलोमीटर पोहोचणाऱ्या आवाजाची गरज नाही.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ११९ वा नियम हॉर्नविषयी आहे. वाहनाला विजेचा हॉर्न किंवा आयएस १८८४ : १९९२ या भारतीय मानकात बसणारे अन्य साधन असावे, असे तो सांगतो. एकामागून एक निरनिराळे सूर काढणारा, तसेच अवाजवी कर्कश, तीव्र, मोठा किंवा दचकवणारा आवाज करणारा हॉर्न बसवण्यास त्याच नियमाने मनाई आहे. रुग्णवाहिका, अग्निशमन, बचावकार्य आणि पोलिसांच्या वाहनांना परवानगीने सवलत मिळते. म्हणजे हवेवर चालतो एवढ्याच कारणाने हॉर्न बेकायदा ठरत नाही. एकसुरी आणि मानकात बसणारा असेल तर तो चालतो. बाजारातील बहुसुरी आणि कानठळ्या बसवणारे भोंगे मात्र या चौकटीत बसत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या २८ व्या वाहन नियमानुसार मोटारी व ट्रकवरील हॉर्नची कमाल मर्यादा वाहनापासून ७ मीटरवर ११२ डेसिबल आहे.

शिक्षेच्या तरतुदी दोन प्रकारच्या आहेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १९४ एफ या कलमानुसार विनाकारण, सतत किंवा गरजेपेक्षा अधिक हॉर्न वाजवल्यास, तसेच मनाईच्या जागी तो वाजवल्यास पहिल्या वेळी एक हजार आणि पुढे दोन हजार रुपये दंड आहे. हा दंड वाजवण्याबद्दलचा. ध्वनिनियंत्रणाच्या मानकांचा भंग करणारे वाहन चालवल्यास कलम १९० (२) लागू होते. त्यात पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आणि तीन महिने परवाना अपात्रता अशी तरतूद आहे. मालकाने वाहनात अनुमती नसलेले बदल केल्यास कलम १८२ ए (४) नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

शहरांसाठी ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० आहेत. त्यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात ५० आणि ४० डेसिबल अशी परिसराची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी भागात अपवादात्मक प्रसंगाखेरीज हॉर्न वाजवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात म्हटले. पुढे २०१० मध्ये तशी बंदी नियमांतही आली.

महाराष्ट्राने ३० एप्रिल २०१५ रोजी व्यावसायिक वाहनांच्या पाठीवरील ‘हॉर्न ओके प्लीज’ या अक्षरांवर बंदी घातली. ती अक्षरे विनाकारण हॉर्न वाजवायला उत्तेजन देतात, हे त्यामागचे कारण होते. मुंबई पोलिसांनी जानेवारी २०२० मध्ये एका प्रयोगाची चित्रफीत प्रसिद्ध केली. चौकातील आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असे. हॉर्न वाजवाल तितके थांबाल, हा त्याचा मथितार्थ. वाहनांच्या हॉर्नमधून भारतीय वाद्यांचे स्वर यावेत, असा कायदा करण्याचा विचार केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी एप्रिल २०२५ मध्ये बोलून दाखवला. अर्थात स्वर बदलला म्हणून आवाजाची पातळी आपोआप खाली येत नाही.

मोठा आवाज, खोटा भरवसा

चालकांचा युक्तिवाद सरसकट झिडकारण्यासारखा नाही. ट्रकच्या पुढे आणि डाव्या अंगाला चालकाला न दिसणारा मोठा पट्टा असतो. दुचाक्या त्यात शिरतात, गुरे आडवी येतात, घाटातील वळणावर समोरचे दिसत नाही. अशा वळणावर हॉर्न वाजवणे बंधनकारक करणारे निळे गोल फलकही असतात. शिवाय मोटारींच्या काचा बंद आणि आत संगीत सुरू. नव्याने तयार होणाऱ्या मध्यम व जड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाल्याने ट्रकचालकांच्याही काचा आता बंद राहू लागल्या आहेत. ‘साधा हॉर्न ऐकतो कोण?’ हा त्यांचा प्रश्न त्यातून येतो.

पण उत्तर म्हणून आवाज चढवत नेण्याला अंत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने घटतो. सात मीटरवर ११२ डेसिबल असलेला हॉर्न १४ मीटरवर १०६ आणि २८ मीटरवर १०० डेसिबल ऐकू येतो. दूरच्या मोटारचालकासाठी चढवलेला आवाज जवळच्या पादचाऱ्याच्या, शेजारच्या दुचाकीस्वाराच्या आणि कडेवरच्या मुलाच्या कानावर सर्वाधिक आदळतो. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने कामगारांसाठी आठ तासांना ८५ डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. दिवसभर महामार्गावर राबणाऱ्या चालक-क्लीनरचे कानही याच हिशेबात येतात. दचकलेला माणूस नेहमी योग्य दिशेलाच सरकतो, असेही नाही.

चालक-मालकांनी काय पाहावे?

जुना ट्रक विकत घेणाऱ्याने किंवा आपल्या गाडीवर आधीच भोंगा बसवलेला आहे अशा मालकाने काही गोष्टी स्वतः तपासाव्यात. भोंग्याची नळी हाताने चाचपत मागे जावे आणि ती कोणत्या टाकीवर किंवा नळीवर संपते ते पाहावे. ब्रेकच्या टाकीवर संपत असेल तर ती काढून टाकावी आणि ते तोंड योग्य बुचाने बंद करून घ्यावे; कापडाची चिंधी किंवा चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही. हवा पूर्ण भरून इंजिन बंद करावे आणि दाबमापकाचा काटा पाहावा. अमेरिकेत जड वाहनाच्या परवान्यासाठी चालकाला ही चाचणी करून दाखवावी लागते. ट्रेलर नसलेल्या गाडीचा दाब ब्रेक न दाबता मिनिटाला सुमारे ०.१४ बारहून आणि ब्रेक दाबून धरल्यावर सुमारे ०.२ बारहून अधिक उतरता कामा नये, असा तेथील दंडक आहे. आपल्याकडेही तो अंगी बाणवायला हरकत नाही. त्यानंतर इंजिन मंद चालू ठेवून दहा सेकंद मूळ हॉर्न सोडून भोंगाच वाजवावा, अर्थात वस्तीपासून दूर आणि गाडी उभी असताना. ब्रेकच्या मापकाचा काटा खाली सरकला, तर भोंगा कोणाच्या ताटातील घास खात आहे, हे वेगळे सांगायला नको.

हवा कमी झाल्याचा दिवा किंवा घंटी वाजू लागली की गाडी बाजूला घेऊन थांबणे, उतारावर इंजिन कधीही बंद न करणे आणि ज्या गिअरने घाट चढला जातो त्याच बेताच्या गिअरने तो उतरणे, हे नियम जुनेच आहेत. त्यांना एक पैही लागत नाही.

भोंगा समोरच्याला बाजूला व्हायला सांगतो. समोरचा बाजूला झालाच नाही, तर गाडी थांबवायची असते ती ब्रेकने. आणि तेव्हा टाकीत जेवढी हवा उरली असेल, तेवढाच ब्रेक चालकाच्या पायाखाली असतो.